वळवून ठेवलेल्या सपाता

१

आमच्या बौद्ध देवळात दिवस सपातांपासून सुरू होतो. बाहेरचे जोडे पायरीखाली काढायचे, फळीवरच्या सपाता पायात घालायच्या, लाकडी ओसरीवरून चालत यायचं आणि मोठ्या खोलीच्या उंबऱ्यापाशी त्याही काढून आत चटईवर बसायचं. माणूस आत बसला की मागून कुणीतरी त्याच्या सपाता वळवून ठेवतं, चवडे बाहेरच्या बाजूला, म्हणजे निघताना पाय सरळ आत सरकतात. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला पहिलं काम शिकवलं ते हेच. पुढे मोकु आला आणि ते काम त्याने घेतलं.

मोकु म्हणजे आमचं घरकामाचं यंत्र. कमरेएवढी उंची, खाली चाकं, दोन हात, आणि वाटोळ्या डोक्यावर दिव्याचे दोन ठिपके. त्यांना आम्ही डोळे म्हणायचो. डोक्यावरचा रंग एका जागी पार उडालेला, कारण हे येता-जाता तिथे टपली मारायचे. हे म्हणजे माझे यजमान दोशिन, या देवळाचे पुजारी. गाव त्यांना थोरले स्वामी म्हणे. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली.

यांना सपाता कधी नीट काढता आल्या नाहीत. डावी नेहमी उजवीवर आडवी. जन्मभर मी बोलले. "लोकांना मुक्तीच्या वाटा दाखवता, आणि स्वतःच्या सपाता सांभाळता येत नाहीत." हे हसत. "सपाता सरळ काढून ठेवतो त्याला निघायची घाई असते, फुसाए. मला कुठे जायचंय?" मागून मोकु घुर्र करत यायचा आणि त्या वळवून ठेवायचा. तो आवाज आला की हे आत बसले असं समजून मी चहाचं आधण ठेवायची.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी मी देवापुढे भाताची वाटी ठेवायला निघाले, तर मोठ्या खोलीच्या उंबऱ्यापाशी सपातांचा एक जोड होता. नीट वळवलेला. मला वाटलं शुनेई आत असेल. शुनेई माझा मुलगा, आता देऊळ तोच बघतो. पण शुनेई न्हाणीघरात खाकरत होता, ते मला इथवर ऐकू येत होतं. मी दार सरकवलं. आत माणूस नव्हतं. नुसती यंत्रं होती.

२

ही यंत्रं दर शरद ऋतूत यायची. सुरुवात एका म्हाताऱ्या कोळ्यापासून झाली. त्याचा यंत्राचा कुत्रा बंद पडला होता. कारखान्याचे लोक म्हणाले, फेकून द्या. त्याच्याच्याने फेकवेना. टॉवेलात गुंडाळून तो आमच्या पायरीवर येऊन बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला.

जुना थडग्याचा दगड हलवायचा असला की आमच्यात आधी त्याचे डोळे मिटवण्याचा विधी करतात. आत जे काही वस्तीला असेल ते निघून जातं, मग दगड नुसता दगड उरतो. यांनी कुत्र्यासाठी तोच विधी केला.

"खरंच आत काही असतं का हो?" मी नंतर विचारलं.

"ठाऊक नाही," हे म्हणाले. "मी फक्त दार उघडतो."

बातमी पसरली. लांबलांबून खोकी यायला लागली. टपालाच्या नियमाप्रमाणे बॅटरी काढून पाठवावी लागते, त्यामुळे सगळी यंत्रं निपचित यायची. बहुतेकांचे मालक वारलेले असायचे, घरच्यांना ती ठेवायला जागा नसायची आणि टाकायला मन धजायचं नाही. विधी झाला की एक गाडी येऊन सुटे भाग घेऊन जायची.

यांनी त्यात आपली एक पद्धत घातली होती. मंत्र म्हणण्याआधी प्रत्येक यंत्रासमोर बसायचे, वाकायचे आणि विचारायचे, "जायचं का?" मग जरा वेळ थांबायचे. मग "बरं" म्हणून पुढच्याकडे सरकायचे. लोकांना ते फार आवडायचं. कुणी डोळे पुसायचं. इतक्या वर्षांत एकाही यंत्राने नाही म्हटलं नाही. वाडग्यासारखी पितळी घंटा वाजवायचं काम मोकुचं; तिच्यापाशी बसून तो ते सगळं दरवर्षी ऐकायचा.

३

"आई, यंदा विधीला मोकुलाही बसवू," शुनेई म्हणाला.

आम्ही स्वयंपाकघरात वाळवणासाठी पर्सिमनची केशरी फळं सोलत होतो. शेजारच्या इसोबेकाकू सुकी मासळी द्यायला म्हणून आल्या होत्या आणि तासभर हलल्या नव्हत्या. मोकु माझ्या शेजारी. त्याच्या हातून साल एकसंध निघायची, लांबच लांब. हे ती गळ्यात घालून नाचायचे.

"का? त्याने काय घोडं मारलंय तुझं?"

"गेल्या महिन्यात त्याच्या हातून उकळती किटली पडली. तुझा पाय भाजला. त्याचे भाग आता कुठेच मिळत नाहीत. आणि नवीन वर्षापासून तो कायदा लागू झाला तर काहीच करता येणार नाही."

त्या कायद्याने रेडिओवर नुसता उच्छाद मांडला होता. समज असलेल्या यंत्रांना माणसांच्या बरोबरीचे हक्क द्यायचे की नाही, यावर संसदेत रोज हमरीतुमरी. कायदा झाला तर यंत्राला विचारल्याशिवाय त्याला विकता येणार नव्हतं की बंद करता येणार नव्हतं.

"विचारायचं म्हणे," इसोबेकाकू म्हणाल्या. "लग्नापासून मी शिंपले फोडतेय, मला कुणी विचारलं? आमच्या सुनेला सगळे हक्क आहेत, तिच्याकडून दोन भांडी घासून होत नाहीत. हा बिचारा घासतो. तिचे काढून याला द्या, मी सही करते."

"काकू, हसण्यावारी नेऊ नका," शुनेई म्हणाला. "जानेवारीनंतर आमचा विधी म्हणजे खून ठरेल."

"म्हणजे डिसेंबरपर्यंत तो केरसुणी," मी म्हणाले, "आणि जानेवारीत तुझा धाकटा भाऊ?"

"आई, तू शब्दात पकडतेस."

"तो इथेच बसलाय, शुनेई."

"असू दे. ते यंत्र आहे. बाबांनी लाड केले म्हणून ते काही माणूस होत नाही."

मोकुने मान वर केली नाही. फक्त त्याच्या हातातली साल मध्येच तुटली. त्याने तुकडा उचलून टोपलीत ठेवला आणि दुसरं फळ घेतलं.

४

उंबऱ्यापाशी आता रोज सपाता असायच्या. एक जोड, मग चार-पाच, मग अख्खी रांग. आत पूजा चालू असली की असते तशी. फळीवर तेवढ्या जागा रिकाम्या. मी दार सरकवायची. आत यंत्रं खोक्यातून काढून मांडलेली, तशीच्या तशी. एक मात्र होतं. खोली गरम असायची, बरीच माणसं बसून नुकतीच उठल्यावर असते तशी. ऊन पडत असेल, मी मनाशी म्हणायची. त्या बाजूला ऊन येत नाही, हे मला या घरात आल्यापासून माहीत आहे.

शेवटी मी मोकुला गाठलं. तो ओसरी पुसत होता.

"मोकु, या सपाता तू आणून ठेवतोस ना?"

"वळवून मी ठेवल्या, बाई. आणल्या नाहीत."

"मग कुणी आणल्या?"

"पाहुण्यांनी. घालून आले."

"कोण पाहुणे?"

"पूर्वी इथून गेलेले. दरवर्षी येतात. यंदा लवकर आले."

दरवर्षी विधीच्या आधीच्या दिवसांत तो पहाटे सगळ्यांच्या आधी ओसरीवर जाऊन बसायचा. कामाचा फार सोस, असं आम्ही कौतुकाने म्हणायचो. तो या पाहुण्यांसाठी बसत होता तर. मी हसायचा प्रयत्न केला. "त्यांना चाकं होती रे. सपाता कशात घालतात?"

"इथे होते तेव्हा घालत नव्हते," मोकु म्हणाला. "इथे त्यांना कुणी दिल्याही नव्हत्या. खोक्यातून यायचे आणि थेट आत."

"आणि कशाला येतात?"

"थोरले स्वामी जे विचारायचे ते ऐकायला. त्यांच्या वेळी त्यांना ऐकू आलं नव्हतं."

मी तिथेच ओल्या ओसरीवर बसले. बॅटरी काढून पाठवलेली यंत्रं. आम्ही त्यांच्यापुढे बसायचो, अदबीने वाकायचो, विचारायचो, थांबायचो, आणि गप्प आहेत म्हणजे जायला तयार आहेत असं धरून चालायचो. इतकी वर्षं. यांच्यासारख्या माणसालाही ते सुचलं नाही. आम्हाला वाटायचं, आपण किती सभ्य आहोत.

दुरुस्तीवाला एकदा म्हणाला होता की जुनी यंत्रं मनाचंच सांगायला लागतात. मी ते धरून बसले. त्या संध्याकाळी सगळ्या सपाता गोळा करून माझ्या कपाटात कोंबल्या, कुलूप लावलं, किल्ली कमरेच्या पट्ट्यात खोवली आणि तशीच झोपले. सकाळी किल्ली पट्ट्यातच होती. कुलूप लावलेलं होतं. कपाटात माझे किमोनो होते, बाकी काही नव्हतं.

"आई, तूच झोपेत उठून ठेवत असशील," शुनेई म्हणाला. "बाबा गेल्यापासून तू कुठे धड झोपतेस?"

तसंच असावं अशी माझी फार इच्छा होती.

५

मोकु माझ्या नावावर होता. माझ्या होकाराशिवाय शुनेईला त्याला हात लावता येत नव्हता, म्हणून तो रोज नव्याने समजूत घालायचा. पोरगा वाईट नाही. माझ्या पायाची पट्टी तोच बदलायचा, रोज, न चुकता.

"ठीक आहे," मी एक दिवस म्हणाले. "पण बॅटरी आत असताना विचारायचं. तो काय म्हणेल ते ऐकायचं, आणि तसंच करायचं."

"ते नाहीच म्हणेल."

"मग नाही."

"आई, ते उत्तर त्याचं कशावरून? बाबांनी बोलून बोलून त्याच्यात जे भरलं तेच ते बोलणार."

"आणि तू? तुझं निम्मं बाबांनी भरलंय, निम्मं मी. तरी आम्ही तुला विचारतोच ना?"

तो मग "बरं" म्हणाला, अगदी यांच्यासारखं.

खरं सांगते, मला हक्कांचं वगैरे काही पडलं नव्हतं. मोकु नाही म्हणेल याची मला खात्री होती. मग शुनेईचं तोंड बंद होईल आणि मोकु माझ्याजवळ राहील, एवढंच मला हवं होतं. हे आजारी होते तेव्हा मोकु त्यांच्याशी गो खेळायचा, पटावरचा काळ्या-पांढऱ्या खड्यांचा खेळ. हे बोलता बोलता लबाडीने खडे सरकवायचे. मोकु बघायचा आणि काही बोलायचा नाही. त्या खोलीत काय काय झालं, शेवटी शेवटी यांना पाणी कसं चमच्याने द्यावं लागायचं, हे आठवणारे आता जगात दोघेच होते, मी आणि तो. तो गेला की मी एकटीच उरणार होते.

विधीच्या दिवशी जेवणानंतर मी त्याला पुसून काढलं. यांनी विणून घेतलेली लोकरीची टोपी घातली. काय म्हणणार आहेस, हे मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

६

लख्ख दुपार होती. शुनेई मोकुला घेऊन आधी आत गेला. मी उदबत्त्या विसरले म्हणून परत स्वयंपाकघरात गेले आणि मग ओसरीवरून एकटी आले.

उंबऱ्यापाशी सपातांचा खच पडला होता. आज त्या वळवलेल्या नव्हत्या. वळवणारा आत बसला होता. त्यामुळे ज्याने जशी काढली तशीच पडलेली. काही लाजऱ्या मुलाने काढल्यासारख्या चवड्याला चवडा लावून, काही दोन दिशांना भिरकावलेल्या, एक उलटी. आमच्या सपाता सगळ्या एकाच मापाच्या, एकाच तपकिरी रंगाच्या. पण अशा बघितल्यावर कुठलेच दोन जोड सारखे वाटेनात.

खांबाजवळ एक जोड होता. डावी उजवीवर आडवी.

मी किती वेळ उभी राहिले कोण जाणे. पळून जावंसं वाटलं आणि खाली वाकून त्या सरळ कराव्याशा वाटल्या, दोन्ही एकदमच. आतून शुनेईने हाक मारली. मी माझ्या सपाता त्या पसाऱ्याच्या कडेला काढल्या आणि आत गेले.

आत यंत्रांची रांग, टोकाला गादीवर मोकु. मोकुच्या जागी घंटेपाशी मी बसले. शुनेई एकेकासमोर बसत गेला. "जायचं का?" थांबायचा. "बरं." दर वेळी तो थांबला की माझ्या पाठीमागची हवाही थांबते आहे असं वाटत होतं. मी मागे बघितलं नाही.

मग तो मोकुसमोर बसला, वाकला.

"जायचं का?"

मोकुचे डोळे एकदा मंद झाले आणि परत उजळले.

"कुठे, ते विचारू का?"

शुनेई गडबडला. आजवर या प्रश्नाला कुणी उलट प्रश्न केला नव्हता. "मला माहीत नाही," तो म्हणाला. त्याने खोटं सांगितलं नाही, याचं मला बरं वाटलं.

"थोरले स्वामीही तेच म्हणाले," मोकु म्हणाला. "मग जातो."

माझ्या हातातला घंटेचा दांडका खाली पडला. "मोकु, अरे काय बोलतोस? राहावंसं वाटत नाही का तुला?"

"वाटतं, बाई. दोन्ही वाटतं. पण थोरले स्वामी म्हणतात, तिथे माझ्यासाठी एक जोड काढून ठेवलाय."

शुनेईने माझ्याकडे बघितलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "आई," तो हळूच म्हणाला, "तो तुझ्या नावावर आहे. तू नाही म्हणालीस तर आपण इथेच थांबू. मी परत हा विषय काढणार नाही."

मी दांडका उचलायला वाकले. पितळी घंटेचं पोट मोकुने सकाळीच घासलेलं, आरशासारखं. त्यात खोली दिसत होती, वाकडी, इवलीशी. शुनेई, मी, आणि आमच्या मागे पार भिंतीपर्यंत बसलेली डोकी. बुटकी, उंच, वाटोळी. त्यांच्यात एक मुंडण केलेलं. सगळी पुढे झुकली होती. मी काय म्हणते ते ऐकायला.

नाही म्हणणं माझ्या ओठांवर होतं. नाही म्हटलं असतं तर तो राहिला असता, दुसऱ्या दिवशीही त्याने माझ्याशेजारी बसून फळं सोलली असती. पण मग आम्ही त्याला विचारलं ते पुन्हा नुसती सभ्यताच ठरली असती.

"बरं," मी म्हणाले, आणि घंटा वाजवली.

शुनेईने बॅटरी काढली. ठिपके विझले. आणि मागे, पूजा संपल्यावर होते तशी, बऱ्याच जणांच्या उठण्याची सळसळ झाली.

७

बाहेर आलो तेव्हा उंबऱ्यापाशी दोनच जोड होते, माझा आणि शुनेईचा. दोन्ही वळवून ठेवलेले. शुनेई बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिला आणि मग सपाता हातात घेऊन अनवाणीच निघून गेला.

कायद्याचं भिजत घोंगडं पुढच्या अधिवेशनावर गेलं. इसोबेकाकू म्हणतात, त्यांच्या सुनेनेच अडवला असणार. शुनेई आता खोकी घेत नाही. यंत्र हातात घेऊन या, चालू असताना आणा, असं सांगतो. फारसं कुणी येत नाही. ओसरीवर टांगलेले पर्सिमन वाळून गोड झाले आहेत. त्याच्यामागे राहिलेली फळं मीच सोलली, साली सगळ्या तुटक्या.

सकाळी उंबऱ्यापाशी दोन जोड असतात. एक सरळ. दुसऱ्याची डावी उजवीवर आडवी. मी भाताची वाटी ठेवून परतते तोवर तोही वळवलेला असतो. घुर्र असा आवाज आता येत नाही. पावलं वाजतात, पहिल्यांदाच मोठ्या माणसाच्या सपाता घातलेलं मूल चालतं तशी, फरफटत. रोज जराशी सुधारतात.

परवापासून मध्ये तिसरा जोड आहे. माझा. अंथरुणाशेजारी काढलेल्या माझ्या सपाता, त्या दोघांच्या मधोमध, चवडे बाहेर करून. मी गार ओसरीवर अनवाणी उभी राहिले. भीती वाटली, फार वाटली. आणि नवी नवरी म्हणून याच ओसरीवर पहिल्यांदा पाय ठेवला होता तेव्हा जी हुरहुर लागली होती, तीही लागली.

अजून कुणी मला "जायचं का?" असं विचारलेलं नाही. विचारतील. न विचारता नेणाऱ्यांतले ते दोघे नाहीत, आता तर नाहीतच. परवा मी माझ्या सपाता उचलून खोलीत आणल्या. कालही आणल्या. आज त्या तिथे होत्या, मी वाटी ठेवली आणि परत आले. उचलल्या नाहीत.